माटोळीच्या रंगाचं घड्याळ

लंबकाचं घड्याळ म्हटलं की रंग एकच, तपकिरी. सागवानी नाहीतर शिसवी पेटी, डोक्यावर कोरलेला गरुड किंवा घोडा, काचेच्या दारामागे इकडून तिकडे जाणारी पितळी थाळी. फोंडा, डिचोली, पेडणे, कुठल्याही जुन्या घराच्या वसरीवर बसून मान वर करा, हेच दिसेल. तबकडीवर गुस्ताव बेकर किंवा युंगहान्स असं जर्मन कंपनीचं पुसट झालेलं नाव आणि पेटीच्या तळाशी, धुळीत, किल्ली.

मला याचं कायम नवल वाटत आलंय. कारण त्याच घराच्या अंगणात तुळशीवृंदावन असतं आणि ते पोपटी, गुलाबी, निळं असतं, वर सोनेरी रेघा ओढलेल्या. भिंतींना पिवळा किंवा निळीचा हात. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधली की छताखाली अख्खं रान उतरतं. गोव्यातला माणूस रंगाला भ्यायलाय असं मी तरी पाहिलेलं नाही. पण वेळ दाखवायची म्हटली की तोच माणूस एकदम कोर्टातल्या कारकुनासारखा गंभीर होतो आणि तपकिरी पेटी टांगतो. परदेशातून आलेलं घड्याळ तसंच होतं म्हणून तसंच राहिलं, एवढंच त्याचं कारण असावं. पेटी कुठून आली ते सगळे विसरले, रंग मात्र नियम होऊन बसला.

हा नियम मोडलेला मी पहिल्यांदा पाहिला तो भाचीच्या मोबाइलवर. ती आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडली होती आणि काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून दिवसभर चित्रं बघत असे. "मावशी, हे बघ," म्हणून तिने जे दाखवलं ते घड्याळ आहे हे कळायला मला जरा वेळ लागला. फिकट हिरवा, गुलाबी, पिवळा; कुठे चौकोन, कुठे त्रिकोण, कुठे ठिपके; आणि त्याखाली झुलणारा रंगीत लंबक. हसू येईल असं घड्याळ.

ते इटलीतलं होतं. डिसेंबर १९८० मध्ये मिलान शहरात एत्तोरे सोत्सास या मुरलेल्या डिझायनरने काही तरुणांना घरी जमवलं आणि त्यातून 'मेम्फिस' नावाचा गट उभा राहिला. पुढच्याच सप्टेंबरात त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो, ते लॅमिनेट त्यांनी स्वस्त हॉटेलांच्या टेबलांवरून उचलून थेट श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेलं. चांगली अभिरुची म्हणजे पांढरं, काळं आणि सरळ रेघ, ही समजूत त्यांना मोडायची होती, आणि त्यांनी ती अगदी दणक्यात मोडली. या गटात जॉर्ज सोडेन होता, इंग्लंडहून मिलानला आलेला, यंत्रांच्या रचनेत मुरलेला. आणि नाताली द्यू पास्किये होती, फ्रान्सच्या बोर्दो गावची, जी मिलानला पोचण्याआधी पश्चिम आफ्रिका आणि भारत फिरून आली होती आणि नक्षीशिवाय तिला चैन पडत नसे. दोघं संसारही एकत्र करत होते आणि कामही. १९८० च्या दशकात लोरेंझ या इटालियन घड्याळ कंपनीसाठी या दोघांनी 'नेओस' नावाची घड्याळांची मालिका केली. भाचीच्या मोबाइलवर होतं ते त्यातलं.

ते बघता बघता माझं लक्ष लंबकावर गेलं आणि मी तोंड वाकडं केलं. मी उच्च माध्यमिकात भौतिकशास्त्र शिकवते. लंबक दिसला की तो काय करतो हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आणि हे होतं क्वार्ट्झचं, बॅटरीवरचं. क्वार्ट्झच्या घड्याळातला लंबक काहीही करत नाही. वेळ मोजतो आतला स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करून. लंबकाला वेगळं वेटोळं, वेगळं चुंबक. तो आपला झुलत राहतो. काढून ठेवला तरी काटे बिनघोर चालतात. आपल्या बाजारात, मोरबीच्या कारखान्यांतून आलेल्या घड्याळांत, असे लंबक ढिगाने मिळतात आणि लोक हौसेने घेतात. मला ते बघवत नाही. जो लंबक वेळ राखत नाही त्याने उगाच हजेरी लावू नये.

"वृंदावनाच्या त्या खांबांना तरी कुठे काय पेलायचं असतं?" भाची म्हणाली.

उत्तर चांगलं होतं. माझं मत बदललं नाही, पण वाद सुरू झाला, आणि त्या वादातूनच पुढचं सगळं निघालं. शेवटी ती म्हणाली, "बरं, काम करणारा लंबक. पण रंगीत."

यंत्र मिळालं ते आमच्याच नात्यातल्या एका घरातून. घड्याळ जर्मन, पेटी वाळवीने खाल्लेली, यंत्र मात्र पितळेचं असल्यामुळे वाचलेलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ढकललेलं. लंबकाची दांडी गंजून कामातून गेली होती. पणजीच्या एका घड्याळजींनी यंत्र उघडून, रॉकेलात धुऊन, झिजलेली छिद्रं भरून दिली. त्यांनी जास्त काही विचारलं नाही, "पेटी कोण करणार?" एवढंच.

पेटी करणार होते आमच्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार. कवळ्याच्या रस्त्यावर त्यांची शेड आहे. देवळाचे मखर, पालखीचे दांडे, नवऱ्या मुलीची कपाटं, सगळं त्यांच्या हातचं. भाचीने कागदावर काढलेलं चित्र त्यांनी दोन्ही हातांनी लांब धरून पाहिलं. चित्रात तबकडीवर आकडे नव्हते. त्यांच्या जागी बारा रंगीत गोळे होते, माटोळीतल्या फळांचे. कवंडळाचा केशरी-तांबडा, ओल्या सुपारीचा हिरवा, तोरिंगणाचा पिवळा, मध्ये मध्ये कावेचा लाल. काव म्हणजे आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर असते तीच. पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर खरवडून आतली पांढरी वेल उघडी करायची. भाचीच्या चित्रात पेटीच्या दोन्ही बाजूंनी तशी वेल चढवलेली होती.

"रंग पळोवन वेळ कळना गो बाय," मेस्त म्हणाले. म्हणजे रंग बघून वेळ कळत नाही.

भाचीने त्यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. डिझायनर जॉर्ज नेल्सनच्या कार्यालयाचं 'बॉल क्लॉक' जगभर गाजलं, त्यावरही आकडे नाहीत. पितळी काड्यांच्या टोकांना बारा लाकडी गोळे, एवढंच. त्याच्या जन्माची हकिकतही मजेची आहे. एका रात्री नेल्सन, त्याचा सहकारी आयर्विंग हार्पर, शिल्पकार इसामु नोगुची आणि संशोधक बकमिन्स्टर फुलर असे चौघं पीत, गप्पा मारत, एकाच कागदावर रेघोट्या ओढत बसले होते. सकाळी कागद उलगडला तर त्यात हे घड्याळ. कोणी काढलं ते कोणालाच नक्की आठवेना. नेल्सनला वाटे नोगुचीने काढलं असावं. आज बहुतेक जाणकार हार्परचं नाव घेतात.

मेस्तांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या चौघांपैकी कोणाच्या घरी म्हातारी माणसं होती का.

तिथे तडजोड झाली. १२, ३, ६ आणि ९ हे चार आकडे राहिले, देवनागरीत, बाकी आठ ठिकाणी गोळे. आता मला वाटतं की तबकडी त्यामुळेच देखणी झाली. बारा गोळ्यांचं घड्याळ कुठल्याही शहरातलं असू शकलं असतं. हे आकडे आणि गोळे एकत्र बघितले की ते आपल्याकडचं वाटतं. तबकडीसाठी भाचीने खिडकीचे शिंपले वापरले. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी लाकडी चौकटीत पातळ, चपटे शिंपले बसवत. त्यातून ऊन येतं, पण गाळून आल्यासारखं दुधट. आता असे शिंपले मिळतात ते मोडलेल्या घरांच्या खिडक्यांतले. तिने ते कमळाच्या पाकळ्यांसारखे एकावर एक न मांडता, खिडकीत असतात तसेच ओळीने बसवले आणि मागे पांढरा कागद लावला. जवळून पाहिलं तर प्रत्येक शिंपल्यावर वाढीच्या बारीक रेषा दिसतात, केसाएवढ्या, एकामागून एक. मिनिटांच्या खुणा वेगळ्या कराव्यात असं तिला वाटेना. मला वाटत होतं. तिचं ऐकलं.

खरी लढाई मात्र लंबकावर झाली.

लंबकाचं गणित सोपं आहे आणि मुलांना ते आवडतं. झोक्याला लागणारा वेळ लांबीवर ठरतो आणि त्या जागच्या गुरुत्वाकर्षणावर. वजनावर ठरत नाही, झोका थोडा लहान-मोठा झाला तरी फारसा बदलत नाही. मेस्तांना हे पटत नव्हतं. जड गोळा सावकाश झुलणार, हा त्यांचा अनुभव होता, आणि तो अनुभव सपशेल खोटाही नव्हता. कारण गोळा बदलला की वस्तुमानाचा मध्य सरकतो, म्हणजे लांबीच बदलते. भाचीला लाकडी गोळा हवा होता. लाकडी गोळा हलका, वाऱ्याच्या झुळकेने अडखळणारा. मेस्तांनी गोळा आतून पोखरला आणि त्यात जाळ्याचं शिसं भरलं, रापणकार जाळ्याच्या खालच्या दोरीला ओवतात तसले शिशाचे मणी, वितळवून. मला वाटतं जगात लंबकात रापणीचं शिसं भरलेलं दुसरं घड्याळ नसेल. असलं तर ते मालवणात असेल.

दांडी सागवानाची, सरळ रेषांची. लोखंडापेक्षा लाकूड बरं, हे घड्याळवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. धातू उन्हाळ्यात लांबतो. लोखंडी दांडीचं घड्याळ दर अंश सेल्सियसमागे दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं. लाकूड रेषेच्या दिशेने उष्णतेला त्याहून बरंच कमी दाद देतं. पण त्याला दुसरं व्यसन आहे, पाण्याचं. हवेतला ओलावा ते पितं, फुगतं, आणि रेषेच्या दिशेने कमी असलं तरी थोडं वाढतंच. हजारात पाव भाग एवढी जरी लांबी वाढली, तरी दिवसाला दहा-अकरा सेकंद गेले. आणि आपला पाऊस म्हणजे कपाटातल्या चपलांवर बुरशी येणारा पाऊस.

मेस्तांना दांडी साध्या तेलपॉलिशची हवी होती, लाकूड लाकडासारखं दिसलं पाहिजे म्हणून. भाचीला ती वरपासून खालपर्यंत लाखेची हवी होती, पट्ट्यापट्ट्यांची. मेस्तांच्या लेखी लाख म्हणजे पाळणे, पाट आणि सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी केळी-आंबे. घड्याळाला लाख म्हणजे पोरखेळ. बरेच दिवस त्यावर शेडमध्ये कुरबुर चालली आणि आधी तेलपॉलिशची दांडीच बसली.

मिरग लागला आणि घड्याळ बिघडलं. बिघडलं म्हणजे थांबलं नाही, लहरी झालं. उघडीप पडली की जरा सुधारे, चार दिवस कोसळला की मागे. मी वहीत रोजचा फरक टिपून ठेवत होते आणि तो आकडा पावसाच्या मागे मागे जात होता. तेव्हा भाची कुंकळ्ळीला गेली. तिथले चितारी लाकडावर लाखेचं काम करतात, आणि ते काम बघण्यासारखं असतं. लेथवर लाकूड गरगरत असतं. चितारी रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतो आणि दाबतो. विस्तव नाही, ब्रश नाही. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडाला जाऊन बसते. आधी ती ओबडधोबड, खडबडीत लागते, वास सुटतो, मग तो तेलाचं बोट लावतो आणि केवड्याच्या जातीचं वाळलेलं पान फिरत्या लाकडावर धरतो. एका दमात चकाकी येते. दोन रंगांच्या मधली रेघ इतकी नेमकी असते की ती कोणी आखली असं वाटावं. आखलेली नसते, हात तिथे थांबलेला असतो.

दांडी सपाट असती तर हे जमलं नसतं, म्हणून मेस्तांनी ती गोल कातून दिली. कुरकुरत दिली, पण दिली. तांबडा, केशरी, पिवळा, हिरवा, पुन्हा तांबडा. आणि ती बसवल्यावर माझ्या वहीतले आकडे शांत झाले. लाख ओलाव्याला फार चांगली अडवते. लाकडाच्या नेहमीच्या पॉलिशांत बाष्प रोखण्यात तिच्या तोडीचं क्वचितच काही असेल. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, मला माहीतही होतं, पण माहीत असणं आणि भर श्रावणात रोज सकाळी रेडिओच्या वेळेशी घड्याळ जुळलेलं बघणं यात फरक आहे. शोभेसाठी मागितलेला रंग वेळ राखायला लागला होता. मिलानच्या त्या घड्याळात रंग होता आणि लंबक सजावटीचा होता. इथे सजावटच लंबकाच्या कामी आली. भाचीने मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. नुसती बघत राहिली, ते जास्त झोंबलं.

आणखी एक मजा सांगायची राहिली. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात अगदी बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ जसंच्या तसं गोव्यात आणून टांगलं, तर हवामानाचा विचार बाजूला ठेवला तरी ते दिवसाला जवळजवळ एक मिनिट पन्नास सेकंद मागे पडेल. कारण पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे आणि फिरते आहे. विषुववृत्ताकडे यावं तसं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं आणि लंबक किंचित आळसावतो. गोव्यात येऊन जर्मन घड्याळही सुस्तावतं, असा विनोद करायचा मोह मला वर्गात दरवर्षी होतो आणि मी तो दरवर्षी करते. हे पहिल्यांदा लक्षात आलं १६७२ मध्ये. झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला आणि पॅरिसमध्ये चोख चालणारं त्याचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ नादुरुस्त नव्हतं, पृथ्वीच पूर्ण गोल नव्हती. पुढे न्यूटनने हाच पुरावा वापरला. म्हणजे आमच्या वसऱ्यांवरच्या प्रत्येक गुस्ताव बेकरने इथे आल्यावर गोळ्याखालची चाकी फिरवून लंबक थोडा आखूड करून घेतलेला आहे. सेकंदाला एक झोका जाणाऱ्या लांब लंबकाचं गणित केलं तर फरक फक्त अडीच मिलिमीटरचा.

मेस्तांनी चाकी पितळेची न करता रिठ्याएवढ्या लाखेच्या गोळीत बसवली. फिरवायला सोपी, म्हणून. तो विचार त्यांचा. रंग निळा, तोही त्यांनीच निवडला. भाचीने भुवई उंचावली, पण काही बोलली नाही.

घड्याळ पुरं झालं तेव्हा प्रश्न आला नावाचा. पितळेची छोटी पट्टी करून तबकडीखाली बसवायची होती. भाची म्हणाली दोघांची नावं घालू. मेस्त म्हणाले, "म्हजें नांव कित्याक?" मखरावर कधी नाव घातलं नाही, पालखीवर घातलं नाही, मग घड्याळावर कशाला. भाचीला हे अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं असं की सुताराचं नाव नसतं म्हणूनच चित्रकाराचं एकट्याचं राहतं आणि मग लोक विचारतात, वा, तुम्ही केलंत का. मलाही तिचंच खरं वाटतं. आपल्याकडे विनय म्हणून जे राहून गेलं, त्यात कारागिरांची किती नावं बुडाली याचा हिशोब नाही.

मी मध्ये पडून लंबकाच्या घड्याळाची जन्मकथा सांगितली. लंबकाने घड्याळ चालवायची युक्ती क्रिस्तियान हायगेन्सची, डिसेंबर १६५६ ची. त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला पाव तास इकडे-तिकडे होत. लंबक आल्यावर ती चूक सुमारे पंधरा सेकंदांवर आली. पण हायगेन्स गणिती. हातात कानस धरणारा होता हेग शहरातला घड्याळजी सालोमोन कोस्टर. ते घड्याळ बनवायचा परवाना १६५७ मध्ये कोस्टरच्या नावे मिळाला. त्या वर्षीचं त्याचं एक घड्याळ आजही नेदरलँड्सच्या लायडन शहरातल्या संग्रहालयात आहे, आणि कोस्टरच्या त्या घड्याळांच्या पट्टीवर नाव कोस्टरचं. पुस्तकांत नाव हायगेन्सचं. दोघांच्याही नावाला जागा मिळाली, फक्त एका जागी नाही.

मेस्तांना हायगेन्समध्ये रस वाटला, पण वेगळ्याच गोष्टीसाठी. मी त्यांना त्याच्या १६६५ सालच्या आजारपणाची हकिकत सांगितली. अंथरुणात पडल्या पडल्या तो एकाच तुळईला टांगलेल्या आपल्या दोन घड्याळांकडे बघत होता. दोन्ही लंबक अगदी जोडीने झुलत होते, एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. मुद्दाम बिघडवले तरी अर्ध्या तासात पुन्हा जुळत. आधी त्याला वाटलं, मधल्या हवेमुळे होत असावं. मग बऱ्याच खटपटीनंतर...

"तुळय हालता आसतली," मेस्त म्हणाले. हातातलं काम न थांबवता.

तेच उत्तर होतं. डोळ्यांना न दिसणारी तुळईची हालचाल एका घड्याळाचा धक्का दुसऱ्याला पोचवते. युरोपातल्या सर्वांत बुद्धिमान माणसांपैकी एकाने आधी हवेवर संशय घेतला. ज्याचा जन्म वासे-तुळया चढवण्यात गेला त्याला तुळईच आठवली. मी गप्प बसले. भाची हसत सुटली आणि म्हणाली, आता तर नाव घालायचंच.

शेवटी पट्टीवर नाव कोणाचंच नाही, गाव आणि साल आहे. मागच्या फळीवर आतून मात्र भाचीने पेन्सिलीने चारही नावं लिहून ठेवली आहेत: मेस्त, घड्याळजी, चितारी आणि ती. कोणी पेटी उघडली तर वाचेल.

घड्याळ आता आमच्या वसरीवर आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याबद्दल काहीतरी बोलतोच. शेजारच्या काकूंना ते मुलांच्या खोलीतलं वाटतं. माझ्या एका सहकाऱ्याला त्यात देऊळ दिसतं. कोणाला आवडलं नाही तर ते तसं सांगतात, हे मला बरं वाटतं; तपकिरी घड्याळाबद्दल कधी कोणाला मतच नव्हतं. मध्यंतरी आसगावात जुनं घर विकत घेतलेल्या मुंबईच्या एका कुटुंबाने ते पाहिलं आणि अगदी तसंच दुसरं मागितलं. भाची म्हणाली तसंच करणार नाही, दुसरं करू. मेस्त म्हणाले साचे तयार आहेत, तसंच सोपं पडेल. यावर अजून एकमत नाही.

दुसऱ्या घड्याळाला टोले हवेत की नकोत, हाही वाद चालू आहे. मेस्तांच्या मते न वाजणारं घड्याळ म्हणजे अर्धं घड्याळ. आणि त्यांच्या बाजूने गोव्याचा सगळा अनुभव उभा आहे. बाहेरचे लोक इथे सुट्टीवर येतात आणि समजतात की गोव्यात कोणी घड्याळ बघत नाही. बघत नाहीत, कारण आम्ही ऐकतो. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, देवळातला चौघडा, फेरीबोटीचा कर्णा, भर दुपारी आणि तिन्हीसांजेला चर्चची घंटा. पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची; मठ ओस पडल्यावर ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीला आली. दोनदा जागा बदलून ती अजून वाजते. भाचीचं म्हणणं, आसगावच्या त्या घरात लोक झोपायला येतात, टोले मोजायला नाही.

परवा शेडमध्ये गेले तर मेस्तांच्या हातात लाखेची जांभळी कांडी. कुंकळ्ळीहून त्यांनी स्वतः मागवलेली. दुसऱ्या घड्याळाची दांडी जांभळी आणि पिवळी करायची, जांभूळ आणि तोरिंगण, असं त्यांनी ठरवून टाकलंय. भाची समोर स्टुलावर बसून दांडीच्या लांबीचं गणित करत होती, शिसं किती भरायचं ते वजन करून, आणि वर न बघता म्हणत होती, "काका, जांभळं माटोळीत नसतं."

"असता," मेस्त म्हणाले. "तुका दिसूंक ना."